मारबत वापस आणतात काय, रामटेके?

रामटेके, तुझ्या शोकसभेत मी खोटं बोललो. माईक हातात घेऊन सांगितलं की तू मनमिळाऊ होतास. तू कुठचा मनमिळाऊ, बाप्पा! नऊ वर्षं आपण एका शाळेत, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. चहात साखर किती इथपासून पोरांना शिकवायचं काय इथपर्यंत एकाही गोष्टीवर आपलं जमलं नाही. तुझं नाक सदा फुगलेलं, माझी जीभ सदा सुटलेली. पण माणूस गेला की त्याला मनमिळाऊ करून टाकायचं, म्हणजे त्याच्याशी राहिलेलं भांडण मिटवावं लागत नाही. मीही तेच केलं. घरी येऊन दोनदा चूळ भरली, तरी तोंडाची चव काही गेली नाही.

लिहायला बसलो की माझा हात शाळेचा होतो, हे तुला ठाऊक आहे. तुझ्याशी मी असं पुस्तकी कधी बोललो नाही. सांभाळून घेजो.

सभा कशी झाली ते सांगतो, कारण तू असतास तर मधूनच उठून गेला असतास. व्हरांड्याला भिंतभर फ्लेक्स लावला होता. त्यावर तुझा फोटो, तोही निवडणुकीच्या ड्युटीच्या ओळखपत्रावरून उचललेला, डोळे अर्धे मिटलेला. वहिनी कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत होत्या. मग मला हळूच म्हणाल्या, "हा कुठचा काढला जी? असे तं ते झोपेतबी दिसत नव्हते." फोटोखाली वीतभर अक्षरांत 'पर्यावरणप्रेमी शिक्षक'. पाण्याचे प्लास्टिकचे पाऊच वाटले. लोकांनी दातांनी फोडले, प्याले आणि जागीच टाकले. तुझ्या फोटोखाली नुसता चिकचिकाट. आणि शाळा समितीचे अध्यक्ष, तेच मागच्या वर्षीचे, पाऊण तास बोलले. "सराईनं आपल्या पोट्ट्याईले पृथ्वी वाचवाले शिकवलं," म्हणाले. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण या माणसाच्या जिभेला लाजही नाही. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो आणि माना डोलवत होतो.

मग झाड लावलं. कुठं, ते विचारू नकोस. त्याच खड्ड्यात! दरवर्षी फोटोपुरतं झाड ज्यात लागतं आणि दिवाळीच्या आत बकऱ्या ज्यातून खातात, तोच. तू त्याला 'सरकारी खड्डा' म्हणायचास. यंदा त्यात तुझ्या नावाचा कडुनिंब आहे. परवा पाहिलं, शेंडा गेला. शिसारी आली मला. सगळ्यात जास्त स्वतःची, कारण मुख्याध्यापक म्हणून माती लोटायचा पहिला मान माझा होता.

आता सभेत जे बोललो नाही ते बोलतो.

ते प्रशिक्षण आठवतं तुला? शाळाशाळांतून पोरांना हवामान बदल शिकवा, कार्बन उत्सर्जन शिकवा, म्हणून आपल्याला दिवसभर कोंडलं होतं. शहरातून आलेले साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. पहिलं चित्र फुंकणी घेऊन चुलीपुढं बसलेल्या बाईचं. बाहेर त्यांची गाडी सुरूच होती, आत ड्रायव्हर थंड हवा खात झोपला होता. तू उभा राहिलास. "साहेब, चुलीवाली बाई दिसली, बाहेरची गाडी नाही दिसली का?" सगळे हसले. मी तुझा शर्ट खाली ओढत होतो. साहेबांनी घाईघाईनं पुढचं चित्र लावलं. ते धानाच्या बांधीचं होतं, साहेबांच्या भाषेत भातखाचराचं. बांधीत पाणी साचून राहिलं की चिखलातून वायू निघतो आणि तोही पृथ्वी तापवतो, असं सांगितलं.

माझं डोकं सटकलं. मी धान पिकवणारा माणूस. माझ्या बापानं, आज्यानं जन्मभर बांधीतला चिखल तुडवला. येताना गाडीवर मागं बसून मी तुझ्या कानात ओरडत होतो, "म्हणजे माझी बांधी पाप करते काय बे? त्या विमानवाल्याईले सोडलं, अन् माझी बांधी धरली!" मला वाटलं, तू तरी माझ्या बाजूनं बोलशील. तू गाडी हळू केलीस आणि म्हणालास, "वायू निघते, हे खरं आहे."

"अन् त्याईचं?"

"त्याईचं जास्त, लय जास्त. त्याईले पहिले धराव लागते. पण तुझं कमी आहे म्हणून नाहीच, असं नसते. अन् मले आवडत नाही म्हणून ते खोटं होत नाही, हेडमास्तर."

एकोडीच्या फाट्यावर मी गाडी थांबवायला लावली आणि उतरून पायी घरी गेलो. तीन दिवस तुझ्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी चहा आला तसे बोललो, पण बांधीचं नाव दोघांनीही काढलं नाही. ते तसंच राहिलं.

मग तू सातवीला तो धडा घेतलास. माझ्या खोलीची भिंत अर्धीच, त्यामुळं तुझे सगळे तास मला फुकटात ऐकू यायचे. पोरं आधी 'हरितगृह वायू, हरितगृह वायू' असं घोकत होती. तू पुस्तक मिटायला लावलंस.

"पोट्टेहो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी काय करता?"

"मारबत नेतो सर!" अख्खा वर्ग ओरडला. ओरडणारच. दारावरच्या पळसाच्या फांद्या काढायच्या, घरातला तुटका झाडू, फाटकं सूप घ्यायचं आणि 'रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत' करत गावाच्या शिवेवर नेऊन टाकायचं, जाळायचं. घरादाराची पीडा गावाबाहेर. आपल्याकडच्या पोरांचा सगळ्यात आवडता दिवस तो.

"कुठी नेता?"

"शिवेवर."

"शिवेच्या तिकडं कोण राहते?"

"एकोडीवाले."

"अन् एकोडीवाले त्याईची मारबत कुठी आणतेत?"

 मग ती दिव्या, पहिल्या बाकावरची, दोन वेण्यावाली, म्हणाली, "आपल्याच शिवेवर आणतेत ना सर." आणि जो काही हशा पिकला! "म्हणजे आमची खासी त्याईले अन् त्याईची खासी आमाले!" इकडं मीही तोंड दाबून हसत होतो.

तू फळ्यावर एक मोठा गोल काढलास. गावाला गाव लागून, देशाला देश लागून. खडूचा आवाज मला ऐकू येत होता. "हवेले शीव नसते," तू म्हणालास. "मोठ्या देशाईनं शंभर वर्षं धुराची मारबत काढली, अन् घेऊन जा गे म्हणून आभाळात सोडली. ते गेली नाही कुठी. ते आपल्याच आंगणात आहे. अन् आपण जे सोडून राहिलो ते त्याईच्या." नऊ वर्षांत मी ऐकलेला तो सगळ्यात चांगला तास होता. तुला सांगितलं नाही. तूच नाक फुगवून फिरला असतास, म्हणून.

आता पोरं ती पोरंच. तू शिकवलंस, त्यांनी खरं धरलं. पोळा आला, मारबत निघाली. अलीकडं आपल्या गावची मारबत म्हणजे नुसती पळसाची फांदी राहिली नाही. जुने टायर, थर्माकोल, फाटक्या ताडपत्र्या, वर्षभराचं जे जे घरात नको ते शिवेवर नेऊन पेटवायचं आणि काळा धूर निघाला की टाळ्या वाजवायच्या. पोरं ओरडत शिवेवर गेली. आणि तिथं काय झालं कुणास ठाऊक, दिव्या आणि दहाबारा जणांनी ढिगातून टायर काढले, थर्माकोल काढलं आणि पेटायच्या आत सगळं घेऊन, टायर लोटत लोटत, गावातून परत शाळेत आले! तू फाटकाशी उभा होतास. ती धापा टाकत म्हणाली, "सर, आमी वापस आणलं. शीव तं नसतेच ना?"

तू हसून हसून खाली बसलास. डोळ्यांतून पाणी. मीही हसलो रे. तेवढी एक सकाळ आपण दोघं एका बाजूला होतो.

पण मारबत परत आणणं म्हणजे काय, हे आम्हाला कळायला हवं होतं. निदान मला. गावात बायांनी दारं लावून घेतली. आठ दिवसांत घरोघरी ताप. भादव्यात तो दरवर्षीच असतो, डबकी कोण बुजवतं? पण त्या साली तापाला मालक सापडला होता. समिती बसली. अध्यक्ष म्हणाले, "मारबत वापस आणतात काय, रामटेके? आमच्या बापजाद्याईनं कदी नाही पाहिलं असं." तू शांतपणे सांगायला लागलास, की मी आणायला सांगितली नव्हती, पण पोरांनी विचार केला तो चूक नाही. त्यावर तो माणूस माझ्याकडं बघत बोलला, तुझ्याकडं नाही. "ज्याईचा सण नाही, त्याईनं त्यात हात घालू नये."

खोलीत वीसेक माणसं होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या, जणू फरशीवर काहीतरी छापलं होतं. मीही घातली.

रामटेके, हे मी तुला जिवंतपणी कधी बोललो नाही. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या पोळा. हाच धडा मी, या लांजेवारनं, शिकवला असता तर गाव म्हणालं असतं, 'हेडमास्तर लय मस्करी करते' आणि चहा पिऊन घरी गेलं असतं. तू शिकवलास म्हणून त्यांना माफीनामा हवा होता. छप्पन साली दीक्षा घेऊन तुमच्या घरानं जे सोडलं, ते गाव अजून उराशी धरून बसलं आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. मला तर लख्ख कळत होतं. कळूनही मी टेबलावरचा कोरा कागद माझ्याकडं ओढला. अक्षर माझं चांगलं ना!

लिहिलं, 'मी विद्यार्थ्यांना चुकीची माहिती दिल्यामुळे ग्रामस्थांच्या भावना दुखावल्या, त्याबद्दल दिलगीर आहे.' तू वाचलंस. चष्मा काढला, पुसला, परत वाचलंस.

"'चुकीची' काढ," म्हणालास. "भावना दुखावल्या म्हण, दिलगीर म्हण, नाक घासलं म्हण. सगळ्यावर सही करतो. पण चुकीची नाही म्हणायचं."

"आता मिटव ना बाप्पा," मी म्हणालो. "एका शब्दानं काय होते?"

"काही नाही होत तं काढ ना मंग."

मी काढला नाही. बाहेर लोक उभे होते, मला घरी जायचं होतं, माझी नोकरीची दोनच वर्षं राहिली होती. कारणं हवी तेवढी होती. तू सही केलीस आणि पेनाचं टोपण लावत म्हणालास, "पोट्ट्याईले तूच सांगजो. मले नाही जमणार." आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात, प्रतिज्ञा झाल्यावर, मी ते पत्र पोरांसमोर मोठ्यानं वाचलं. तू शेवटच्या रांगेमागं उभा होतास. दिव्या एकदा तुझ्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. पोरांच्या नजरेतून मास्तर उतरतो कसा, ते मी त्या दिवशी पाहिलं. तू नाही उतरलास. मला वाटतं मीच उतरलो. पण तेव्हा मी दुसरीकडं बघितलं.

त्यानंतर तू तो धडा प्रश्नोत्तरं लिहून देऊन उरकलास. 'हरितगृह वायू, हरितगृह वायू.' भिंतीपलीकडून मला पुन्हा तेच ऐकू यायला लागलं. तपासणीला आलेल्यांनी वह्या बघून शेरा दिला, उत्कृष्ट. थू!

तू मात्र मला एका शब्दानं बोलला नाहीस. चहात साखर जास्त झाली म्हणून भांडायचास, पण त्या पत्राचं नाव नाही. तू शिव्या घातल्या असत्यास तर किती बरं झालं असतं. मग तू गेलास, आणि मी माईकवर मनमिळाऊ म्हणून मोकळा झालो.

पोळा होऊन आज चार दिवस झाले. मारबतीच्या सकाळी मी शिवेवर गेलो. सहसा जात नाही, यंदा गेलो. ढीग रचला होता. टायर, थर्माकोल, आणि वर गुंडाळी करून ठेवलेला फ्लेक्स. वाऱ्यानं तो अर्धा उलगडला आणि तुझे ते अर्धे मिटलेले डोळे दिसले.

कुणी मुद्दाम केलं नव्हतं, हे आधी सांगतो. कुणाला एवढीही पडलेली नव्हती. शाळेच्या भिंतीवर जागा हवी होती, पुढच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स यायचा होता, कुणीतरी काढून टाकला. महिन्याभरापूर्वी ज्याच्यापुढं अगरबत्त्या लावल्या, तो खासी-खोकल्याबरोबर शिवेवर आला. अध्यक्ष स्वतः माचिस घेऊन उभे.  मी बाजूला जाऊन बांधावर थुंकलो.

तेवढ्यात दिव्या पुढं झाली. आठवीत गेली आता ती, उंची वाढली. तिनं फ्लेक्स ओढून काढला आणि छातीशी धरून माझ्यापुढं उभी राहिली. अख्ख्या गावादेखत म्हणाली, "सर, मागच्या साली तुमी पत्र वाचलं होतं. रामटेके सर खोटं शिकवत होते का?"

कुणीतरी म्हणालं, "ए पोट्टी, बाजूले हो." अध्यक्ष म्हणाले, "घरी जा बेटा, सर सांगतील नंतर."

नंतर! रामटेके, माझं सगळं आयुष्य त्या 'नंतर'वर गेलं.

"नाही पोरी," मी म्हणालो.  "सर खरं शिकवत होते. खोटं मी वाचलं. ते पत्र सरानं लिहिलं नव्हतं, मी लिहिलं होतं. सरानं फक्त सही केली, अन् ते बी माझ्यापायी."

मग फ्लेक्सचं एक टोक मी धरलं, एक तिनं, आणि आम्ही गावाकडं निघालो. मागून एक टायर गडगडत आला, मग दुसरा. पोरं होती. एका म्हातारीनं दारातून बोटं मोडली, "हेडमास्तर, तुमीबी?" मी म्हणालो, "हो माय, मीबी."

फ्लेक्स माझ्या घरी आहे, धानाच्या कोठीमागं. जाळता येत नाही, पुरता येत नाही, कुजत तर नाहीच. वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "राहू द्या जी तुमच्यापाशी. तुमाले दिसत राहीन." बरोबरच आहे त्यांचं.

दोन पोरांना ताप आला. काल अध्यक्षांचा निरोप, हेडमास्तरांनी लेखी द्यावं. दिलं, बाप्पा. आज परिपाठात, प्रतिज्ञा झाल्यावर, मीच मोठ्यानं वाचलं. 'मागच्या वर्षी याच ठिकाणी रामटेके सरांच्या नावाने पत्र वाचून मी विद्यार्थ्यांना चुकीची माहिती दिली.' खाली माझी सही. 'चुकीची' हा शब्द तू काढायला सांगितला होतास. या वेळीही मी तो ठेवला.

तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही, म्हणून सातवीचा तास मीच घेतला. विज्ञान मला येत नाही, तुला माहीतच आहे. फळ्यावर गोल काढला, तो अंड्यासारखा झाला. पोरं हसली. मी विचारलं, "पोट्टेहो, मारबत कुठी नेता?" आणि तू नेलंस तसं, जमेल तेवढं, शेवटपर्यंत नेलं. मोठ्या देशांचा धूर सांगितला, विमानं, भट्ट्या सांगितल्या. मग बांधीचंही सांगितलं.

मागच्या बाकावरून एक कुणब्याचा पोरगा तडकून उभा राहिला. "सर, आमची बांधी बी?"

"हो," मी म्हणालो. "माझीबी."